मधला खांब

गाडी ठेवायची की भंगारात द्यायची याचा निकाल मास्तरांनी द्यावा, असे वहिनींनी ठरवले, तेव्हा मास्तरांना बरे वाटले. आणि लगोलग त्या बरे वाटण्याचाच त्यांना संशय आला. तंत्रमहाविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. विद्यार्थ्याने कानशीने घासून आणलेला लोखंडी तुकडा काटकोन तपासायच्या गुण्याला लावून खिडकीकडे धरायचा आणि फटीतून उजेड दिसला तर "पुन्हा" एवढेच म्हणायचे, ही त्यांची ख्याती होती. एखादी वस्तू उत्तीर्ण व्हावी असे आपल्याला मनातून वाटते आहे, हे लक्षात आले की ते ती दुप्पट कठोरपणे तपासत. आणि ही गाडी उत्तीर्ण व्हावी, असे त्यांना मनातून फार वाटत होते.

गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची. गोल पाठीची, चार दारांची, डोळे वटारल्यासारख्या दिव्यांची. दादा गेल्यापासून ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. वहिनी दर रविवारी ताडपत्री काढत, गाडी पुसत आणि पुन्हा झाकून ठेवत.

"भावजी, मी आता हिला नुसती पुसत बसणार नाही," त्या म्हणाल्या. "चालणार असेल तर चालवायची, नाहीतर देऊन टाकायची. भंगारवाल्याला शनिवारी ये म्हणून सांगितलंय."

"चालवणार कोण?"

"मी."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिले.

"असं बघू नका. लायसन्स आहे माझ्याकडे. ह्यांना सांगितलं नव्हतं असंही नाही. सांगितलं, तर हे 'अरे वा' म्हणाले आणि किल्ली खिशात घालून फिरायला गेले."

मास्तर गाडीभोवती एक फेरी मारून आले. "इंजिन दुसरं मिळतं. मडगार्ड दुसरं मिळतं. पण हा मधला खांब बघा." ड्रायव्हरच्या बाजूच्या दोन दारांमधल्या उभ्या खांबावर त्यांनी बोट टेकवले. "मागचं दार याच्यावर लटकतं आणि छत याच्यावर उभं आहे. हा आतून सडला असेल, तर वरून रंग कितीही झकास लावा. कोणी बाजूनं ठोकलं की गाडी खोक्यासारखी मिटेल. मग मी तुम्हाला हिच्यात बसू देणार नाही."

"आणि चांगला निघाला तर?"

"तर मी स्वतः तुमच्या शेजारी बसेन."

"म्हणजे धाडस दोघांनाही करायचंय," वहिनी म्हणाल्या.

त्या खांबाला इतिहास होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टेम्पोने गाडीला नेमकी त्याच बाजूने धडक दिली होती. गाडी वर्कशॉपमध्ये आणा, असे मास्तरांनी तेव्हा आपणहून सांगितले होते. "पोरांना सरावही होईल," हे वाक्य त्यांनी पुढे जोडले नसते, तर दादांनी कदाचित ऐकलेही असते. "माझी गाडी सरावाला?" असे म्हणून दादांनी ती कुठल्याशा लांबच्या कारागिराकडे नेली. सगळा उन्हाळा ती तिथेच होती. दादा पायी कामावर जात आणि वहिनी त्या कारागिराचा उद्धार करत.

गाडी परत आली ती आरशासारखी लखलखीत. मास्तरांनी खिशातून लोहचुंबक काढले, रंगावर ओरखडा नको म्हणून त्याला कागदाचा कपटा गुंडाळला, सगळ्यांच्या देखत ते खांबाला लावले आणि हात काढून घेतला. चुंबक घरंगळून थेट दादांच्या चपलेवर पडले. पत्र्याला चुंबक चिकटते, पुट्टीला चिकटत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असते. "त्याला माझी गाडी आवडली नसेल," एवढेच म्हणून दादांनी पाय झटकला होता. तेव्हापासून घरात जेवणाची पंगत बसली की मास्तर "पुट्टीबाई कशी आहे?" म्हणून विचारत, आणि दादा "तुझ्यापेक्षा बरी" असे उत्तर देत. हा संवाद दादांच्या अखेरच्या आजारपणातही चुकला नव्हता.

मास्तरांनी सोमवारी कामाला हात घातला. आधी खडू आणि चुंबक. चुंबक चिकटले तिथे बरोबरची खूण, घसरले तिथे फुली. छत, बॉनेट आणि चारही दारे जवळजवळ निर्दोष निघाली. मागच्या मडगार्डांवर फुल्यांची गर्दी झाली. मधल्या खांबावर तळापासून कमरेपर्यंत एकाखाली एक फुल्या उतरत गेल्या.

"हे तर माझ्या गणिताच्या वहीसारखं दिसतंय," वहिनी म्हणाल्या. डोक्याला फडके, नाकावर मास्क आणि डोळ्यांवर मास्तरांचा जुना सेफ्टी चष्मा अशा वेशात त्या खरवडायला उभ्या होत्या.

"तुम्ही बसा हो. धूळ आहे."

"बसूनच होते की इतकी वर्षं. डावीकडच्या सीटवर."

मडगार्डापासून सुरुवात केली. वरचा तपकिरी रंग निघाला, खाली पिवळट थर लागला, त्याखाली निळा. निळा दिसताच वहिनींनी पाते जोरात चालवले, कारण तो रंग दादांनी त्यांना न विचारता दिला होता. त्याच्याही खाली राखाडी पुट्टी होती. मास्तरांनी छिन्नी लावून हलकेच ठोकले. पुट्टीची एक खपली बिस्किटासारखी तुटून पडली आणि मागे मुठीएवढे भोक दिसले. भोकात काहीतरी कोंबलेले होते. मास्तरांनी चिमट्याने ते ओढून काढले. तो एक पुरुषी मोजा होता.

वहिनींनी तो दोन बोटांत धरून उजेडात नेला. "याचा जोडीदार मी वर्षभर जपून ठेवला होता. सापडेल म्हणायचे हे. सापडेल कसा, स्वतःच पुरून ठेवलेला."

त्या खूप हसल्या, मग डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला. मास्तरही हसले, पण त्यांचे लक्ष खांबाकडे गेले होते. जो माणूस मडगार्डाचे भोक मोज्याने बुजवतो, तो खांबाचे काम किती पारखून घेणार? त्या रात्री जेवताना मास्तरांनी लेकीला सांगितले, की खांबाची आशा फारशी नाही.

लेक दातांची डॉक्टर होती. दवाखान्यात तिला सगळे मॅडम म्हणत. घरी ती ठमीच होती. "उघडून बघितलात का?" तिने विचारले.

"चुंबक बघितलं."

"बाबा, मी नुसता गाल बघून दात काढत नाही."

"तुझ्या दातांना चुंबक लागत नाही म्हणून," मास्तर म्हणाले. पण घास घेता घेता थांबले.

वाईट बातमी जितकी लांबेल तितकी बरी, म्हणून की काय, मास्तरांनी खांब सर्वांत शेवटी ठेवला. शुक्रवारी दुपारपर्यंत बाकीची गाडी उघडी झाली. तिचा निम्मा पत्रा राखाडी, निम्मा लालसर आणि जागोजाग खडूच्या खुणा. आता पळवाट उरली नव्हती. खांबावरच्या रंगाचे थर फारच जाड होते, म्हणून मास्तरांनी हीट गन घेतली. गरम हवेने रंगाला फोड आले, सुरकुत्या पडल्या, पात्याखाली लांब पट्ट्या निघू लागल्या. तळाशी पुट्टीचा पातळसा थर लागला. मास्तरांनी गन जवळ नेली. खाली गंजाचा भुसा निघणार, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. वहिनी त्यांच्या मागे उभ्या होत्या.

पुट्टीच्या कडेला काहीतरी चमकले. एक थेंब. तो फुगला, थरथरला आणि पत्र्यावरून खाली ओघळून मध्येच थिजला. पाऱ्यासारखा पांढरा.

मास्तरांनी गन बंद केली.

"काय झालं?" वहिनींनी विचारले.

"वहिनी, तुम्ही आधी बाहेर जा. तो मोठा दरवाजा उघडा टाका. आणि हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका."

"काही विषारी आहे का?"

"शिसं आहे." मास्तर म्हणाले. "शिसं आणि कथील."

बाहेरच्या कट्ट्यावर दोघे जाऊन बसले. मग त्यांनी समजावून सांगितले. त्यांना समजावून सांगितल्याशिवाय स्वतःलाही नीट समजत नसे. पुट्टी यायच्या आधीच्या काळात पत्र्याचे खड्डे शिसे आणि कथील वितळवून भरत. पत्रा आधी ठोकून जागेवर आणायचा, घासून पांढराशुभ्र करायचा, त्यावर कथलाचा हात फिरवायचा आणि मग मऊ झालेला धातू लाकडी थापीने लोण्यासारखा पसरायचा. कानशीने आकार द्यायचा. फार वेळखाऊ काम. त्यांच्या पाठ्यपुस्तकात त्याचे एक प्रकरण होते. पुढे ते परीक्षेला येईनासे झाले, तेव्हा मास्तरांनी ते शिकवायचे सोडले आणि मग त्यांच्याही डोक्यातून गेले.

"आणि शिशाला चुंबक चिकटत नाही," ते म्हणाले. "कथलालाही नाही."

वहिनींनी थोडा विचार केला. "म्हणजे ते पुट्टीबाई, पुट्टीबाई..."

"हो."

"इतकी वर्षं?"

"हो म्हटलं ना."

"बरं झालं सांगितलंत. मी कोणाला सांगणार नाही," वहिनी म्हणाल्या. "ठमीला सोडून."

"पण वहिनी, अजून पास नाही." मास्तर उठून उभे राहिले. निकाल आपल्याला हवा तसा लागत चालला आहे, म्हणजे आता जास्तच सांभाळायला हवे, हे त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. "गंजलेल्या पत्र्यावर हे भरण धरतच नाही, त्या अर्थी भरलं तेव्हा खांब नक्की चांगला होता. पण खांब आतून पोकळ असतो. त्यानंतर आतून गंज चढला असेल, तर बाहेरून कळायचं नाही. आत बघायला हवं."

"आत कसं बघणार?"

मास्तरांनी फोन काढला.

ठमी दवाखाना आटोपून आली ती डोक्याला लावायचा दिवा, मास्कचे खोके आणि लांब दांड्याचा तिचा तो छोटासा गोल आरसा घेऊन. तोवर मास्तरांनी उरलेला थर रंग काढायच्या रसायनाने मऊ करून, ओल्या फडक्याने धूळ दाबत, हाताने खरवडला होता. घासायचे यंत्र त्यांनी मुद्दाम लांब ठेवले होते. खांब कमरेपर्यंत उघडा झाला होता. वितळलेला तो एक ओघळ सोडला, तर मऊ, रुपेरी, एकसलग. कानशीच्या बारीक तिरप्या रेघा अजून तशाच होत्या. मास्तरांनी त्यांच्यावरून अंगठा फिरवला. सगळ्या एकाच दिशेच्या होत्या. घाईत असलेल्या माणसाच्या रेघा अशा पडत नाहीत.

"या, डॉक्टर," वहिनी म्हणाल्या. "पेशंट आ करून बसलाय."

खांबाच्या तळाशी, आतल्या बाजूला गालिच्याखाली एक लांबट भोक होते. ठमी गाडीत आडवी झाली, भोकातून आरसा आत सरकवला आणि दिवा पेटवला.

"दिसतंय काय?" मास्तरांनी विचारले.

"बाबा, पेशंटच्या नातेवाइकांनी बाहेर बसायचं असतं."

"ठमे."

"तपकिरी दिसतंय. सगळीकडे."

मास्तरांनी डोळे मिटले. वहिनींनी दाराची कड घट्ट धरली.

"थांबा, अजून टोचून बघितलं नाही." तिने खिशातून वाकड्या टोकाची सळई काढली. किडलेल्या दातात तिचे टोक रुतते, ओढताना अडकते. चांगल्या दातावरून ते घसरते. भोकाच्या आतून टक् टक् असा बारीक, कोरडा आवाज येऊ लागला. ठमी आत दूरपर्यंत, खाली, कोपऱ्यात, जोडाच्या रेघेवरून टोक फिरवत राहिली. मास्तर आवाज ऐकत होते. सडलेला पत्रा असा वाजत नाही, हे त्यांना पहिल्या दोन-तीन ठोक्यांतच कळले होते.

"कुठेच अडकत नाहीये," ठमी म्हणाली. "वरवरचा डाग आहे. खाली घट्ट."

"मला बघू दे."

त्यांच्या गुडघ्यांना ते आडवे होणे मानवले नाही, पण त्यांनी प्रत्येक कोपरा स्वतः टोचून पाहिला. जोडाच्या रेघेवर दोनदा. बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत जळमटे होती.

"भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"आतून तेल मारायला हवं. मडगार्डं नवी लागतील. इंजिनाचं अजून काहीच बघितलेलं नाही, ते वेगळंच प्रकरण निघेल." मास्तरांनी हात पुसले. "खांब पास."

वहिनींनी मान डोलावली, दोनदा. मग त्या म्हणाल्या, "ह्यांनी तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं."

"दादांना तरी कुठे ठाऊक होतं? सगळा उन्हाळा पायपीट केली, आणि वर मी सगळ्यांसमोर चुंबक पाडलं. फसलो, असंच वाटलं असेल त्यांना."

"नाही वाटलं." वहिनी खांबाकडे पाहत होत्या. "त्या दिवशी रात्री म्हणाले, माणूस बघून गाडी दिली होती, चुंबक बघून नाही."

मास्तरांनी खडू उचलला, खांबाच्या वरच्या अंगाला बरोबरची एक मोठी खूण केली आणि खडू खिशात टाकला.

शनिवारी भंगारवाला आला. त्याला रिकाम्या हाताने पाठवायला नको म्हणून सडलेली दोन मडगार्डे दिली. मोजा मात्र वहिनींनी ठेवून घेतला. भंगारवाला गेल्यावर त्या घरातून एक जाडसर उशी घेऊन आल्या, उघड्याबोडक्या गाडीचे उजवे दार उघडले, उशी ठेवली आणि स्टिअरिंगमागे बसल्या. त्यांचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. दादा उंच होते, आणि गाडी घेतल्या दिवसापासून ती सीट त्यांच्याच मापाला बसलेली होती.

"सीट पुढे घ्या, भावजी."

मास्तर खाली वाकले. सीट सरकवायची पट्टी गंजून जागच्या जागी घट्ट बसली होती. त्यांनी तेल सोडले, थांबले, खटका ओढला. काही हलेना. पुन्हा तेल सोडले. ठमीने मागून रेटा दिला, वहिनींनी स्टिअरिंगला धरून स्वतःला पुढे ओढले, आणि खाली कुठेतरी खट् असा आवाज होऊन सीट एक घर पुढे सरकली.

मास्तर वळसा घालून गेले, डावे दार उघडले आणि कबूल केल्याप्रमाणे वहिनींच्या शेजारी बसले.

"अजून एक घर, ठमे," वहिनी समोर पाहत म्हणाल्या.