हिरवा दिवा लागेपर्यंत

मी एक जुना पत्ता आहे. घराचा नव्हे, खेळातला. मित्रांनो, माझी गोष्ट सावकाश सांगायची असं मी ठरवलं होतं, पण आता तेवढा वेळ उरलेला नाही.

सेलूच्या बसस्थानकासमोर गोपाळचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्या काचेच्या टेबलावर मी उताणा पडलो आहे. शेजारी लॅमिनेशनचं यंत्र आहे. सकाळपासून लाईट नव्हती, ती आत्ताच आली, म्हणून यंत्र अजून थंड आहे आणि त्याचा लाल दिवा पेटलेला आहे. यंत्र तापलं की तो दिवा हिरवा होईल. मग मला प्लास्टिकच्या पाकिटात घालून आत सोडतील. एकदा आत गेलो की माझी किंमत संपली.

या दुकानात ही गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. तुम्हाला माझं ऐकू येतं. त्यांना येत नाही.

लाल.

तर जन्म. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही पुष्कळ भावंडं शेजारी शेजारी छापली गेलो आणि पात्याखालून सुटी होऊन बाहेर पडलो. प्रत्येकावर एक क्रिकेटपटू होता. माझ्या वाट्याला हरिओम नावाचा डावखुरा फलंदाज आला. तेव्हा तो अगदी नवखा होता. छापताना कुणीतरी त्याचं चित्र उलटं लावलं. त्यामुळे डावखुरा हरिओम माझ्यावर उजव्या हाताने खेळतो आणि त्याच्या सदऱ्यावरचा आकडा आरशात पाहावा तसा दिसतो. चूक ध्यानात आल्यावर छपाई थांबली. उरलेली भावंडं लगद्यात गेली. काही मात्र आधीच च्युइंगमच्या पुड्यांत बसून गावोगाव निघाली होती. त्यांतला मी सेलूजवळच्या वालूर गावी उतरलो.

येडबा मेंढपाळाच्या अमृतने मला पुडीतून काढलं, तेव्हा तो शाळेत होता. पोरांचा एक खेळ असे. पत्ता मातीत ठेवायचा आणि शेजारी तळहात आपटायचा. वाऱ्याने पत्ता उलटला की तो तुमचा. पण मला पाहताच पोरं हसली.

"ए अमऱ्या, असला पत्ता चालत न्हाई आपल्यात. डावऱ्याला उजवा केलाय!"

"येड्याचा पत्ता येड्याच्याच घरी आला!"

बापाच्या नावावरून झालेला विनोद अमृतला झोंबला. घरी येऊन त्याने मला चुलीकडे भिरकावलं. त्याची धाकटी बहीण साधना मधे आली.

"दादा, मला दे की."

"घे. चुलीत घाल न्हाईतर डोक्यावर घे."

तिने मला आईच्या, म्हणजे केवळाबाईच्या, पत्र्याच्या पेटीत ठेवलं. नव्या लुगड्याच्या घडीत. कसर लागू नये म्हणून त्या घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला होता. तो माझ्याही कामी आला. ऊन नाही, ओल नाही, कुणाचा घामेजलेला हात नाही. ज्यांना पोरांनी खेळायला घेतलं ते पत्ते मातीत झिजून गेले. मला खेळायला घेतलं नाही, म्हणून माझे चारही कोपरे टोकदार राहिले.

नाकारला गेलेला पत्ता अशी कितीतरी वर्षं अंधारात राहिला.

"तापलं का, गोपाळ?"

"दम धर, अमृतभाऊ. तापायलीय मशीन."

"घाई न्हाई. पण नीट कर. बहिणीची चीज हाय."

हा आवाज अमृतचाच. आता तो बापाचा कळप सांभाळतो. वालूरच्या एसटीत तो सीटवर टेकून बसलासुद्धा नाही. मला खिशात ठेवून खिशावर हात धरून आला. मित्रांनो, तो वाईट माणूस नाही, हे मला तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. एका वर्षी घराचं छप्पर गळलं. अमृतचे दाखले लॅमिनेशन केलेले होते, ते वाचले. साधनाची दहावीची मार्कशीट नव्हती. तिचा लगदा झाला. बहीण रडली आणि हा दिवसभर जेवला नाही. तेव्हापासून जीव लावावा अशा प्रत्येक कागदाला तो प्लास्टिकमध्ये घालतो. येडबा वारला, तेव्हा त्याचा फोटोही आधी इथेच आला.

लाल. पण यंत्र आता गुणगुणायला लागलं आहे.

किमतीचं सांगायचं राहिलं. साधनाचं सासरी पटलं नाही. ती सेलूत एका ओल्या भिंतींच्या खोलीत भाड्याने राहते आणि दुसऱ्याच्या दुकानात ब्लाउज शिवते. तिला स्वतःचं दुकान टाकायचं आहे. त्यासाठी पिको-फॉलची मशीन हवी. दिवाळीला ती वालूरला आली, आईची पेटी आवरताना मी तिच्या हाती लागलो, आणि तिने माझा फोटो काढून फोनवर कुठल्याशा संग्राहकांच्या गटात टाकला.

आठ दिवसांत परभणीहून महारुद्र नावाचे गृहस्थ वालूरला आले. त्यांनी हात धुतले, पुसले, वाळू दिले, आणि मग मला फक्त कडांवर धरून उचललं. माझ्यावर भिंग धरलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला असं पाहत होतं. कोपरे पाहिले. कडा पाहिल्या. चित्राभोवतीची पांढरी पट्टी चारी बाजूंनी सारखी आहे का, तेही पाहिलं. मग मला उजेडात तिरका धरून अंगावर ओरखडा शोधला.

"चूक छापली, मग किंमत कशी?" केवळाबाईने विचारलं.

"चूक आहे म्हणूनच, मावशी. असे फार थोडे उरलेत. पण थोडे असून भागत नाही, हवं असणारं कुणीतरी लागतं. हरिओम आता मोठा प्रशिक्षक झालाय, त्याचं नाव रोज बातमीत असतं, म्हणून लोक त्याचा पहिला पत्ता शोधतायत. उद्या नाव मागे पडलं की भावही उतरेल. किंवा कुणाच्या गोदामात असले शंभर निघाले, तरी उतरेल."

"पर भाव ठरवतंय कोण?" साधना म्हणाली.

"कुणी एकटा नाही. विकणारा मागतो तो भाव नसतो. असा शेवटचा पत्ता खरोखर विकला गेला, तेव्हा हातात काय पडलं, तो भाव. मागच्या वर्षी याचाच एक जोडीदार गेला. त्याचा कोपरा दुमडलेला होता. हा त्याच्या कितीतरी वर जाईल."

साधना हसली. "म्हंजे आपल्या मोंढ्यावानीच की. कापूस ओला हाय का बघायचं, कचरा किती ते बघायचं, आन् मग बोली."

"अगदी तसंच. आणि मोंढ्यात गाडी जाईपर्यंत कापूस भिजू द्यायचा नाही. याला पुसू नका, दाबू नका, काही चिकटवू नका. आहे तसा राहू द्या. पुढच्या रविवारी मी सेलूला येतो. पैसे घेऊन."

जे पैसे ते म्हणाले, त्यांत पिको-फॉलची मशीन येऊन दुकानाची जागाही झाली असती.

साधनाच्या खोलीत ओल, म्हणून मी रविवारपर्यंत पेटीतच राहिलो. महारुद्र आले तेव्हा अमृत कळप घेऊन रानात होता. त्यांचं बोलणं त्याने ऐकलं नाही; पत्ता घ्यायला एक साहेब येणार, एवढंच त्याला घरी कळलं. काल साधनाने त्याला फोन केला आणि एकच वाक्य सांगितलं.

"दादा, लय जपून आण."

जपून. मित्रांनो, या एका शब्दापायी मी आज इथे आहे.

"कडा पिवळ्या पडल्यात भाऊ," गोपाळ म्हणतो. त्याच्या हातात कटर आहे. "घेऊ का बारीकशा कापून? नवा दिसंल."

मी ज्या पात्याखालून जन्मलो, तसलंच पातं.

"न्हाई न्हाई. हाय तसं असू दे."

हाय तसं! अमृत, हेच शब्द. हेच महारुद्र म्हणाले होते. अजून दोन पावलं पुढे विचार कर. कर ना.

तो शर्टाच्या टोकाने मला पुसतो. हळू, मायेने. अंगावर एक केसाएवढा ओरखडा उठतो. त्याला तो दिसत नाही.

फोन वाजतो.

"दादा, कुठवर आलास? ते साहेब गाडीतून उतरलेत."

"आलोच. इथं गोपाळकडंच हाय. तुझंच काम चालू हाय. बघशील तर खूश व्हशील."

"कसलं काम?"

"आल्यावर बघ की."

"दादा, कसलं काम? गोपाळकडं कशाला गेलास तू? दादा, त्याला हात लावू नको. दादा—"

पण तेवढ्यात गोपाळने झेरॉक्सचं मोठं यंत्र चालू केलं आणि त्याच्या घरघरीत अमृतला शेवटचं काही ऐकू आलं नाही. "रेंज न्हाई," असं म्हणत त्याने फोन खिशात ठेवला. फोन पुन्हा वाजला. त्याचे दोन्ही हात माझ्यासाठी पाकीट उघडून धरण्यात गुंतले होते. वाजून वाजून फोन थांबला.

लाल.

साधना ज्या दुकानात शिवते ते बसस्थानकाच्या पलीकडे आहे. मधे रिक्षा, रसवंती, दोन उभ्या एसटी. पळत आली तर

लाल.

पळत आली तर येईल. मी पाकिटात आहे. वर एक पापुद्रा, खाली एक. बाहेरचं सगळं धुक्यातून दिसावं तसं

हिरवा.

"घाल," अमृत म्हणाला.

गोपाळने पाकिटाचं टोक यंत्राच्या फटीत दिलं. रुळांनी ते धरलं. आधी उष्णता आली, मग दाब. माझा वरचा उजवा कोपरा गेला, मग वरचा डावा. हरिओमची टोपी गेली. त्याच वेळी दाराशी चपलांचा आवाज झाला.

"काढ! बाहेर काढ त्याला!"

"ताई, आता मधीच ओढलं तर चुरगळंल," गोपाळ घाबरून म्हणाला. "निम्मं गेलंय."

साधना टेबलाला धरून उभी होती, अमृत तिच्याकडे पाहत होता, आणि तिघेही मला आत जाताना बघत राहिले. ते यंत्र हळू चालतं, मित्रांनो. फार हळू.

मी पलीकडून बाहेर पडलो. गरम, कडक, चकचकीत.

महारुद्र आले तेव्हा मी अजून कोमट होतो. त्यांनी पिशवीतून भिंग काढलंच नाही.

"साधनाताई, हे आता सुटत नाही. सोडवायला गेलं तर रंगाचा थर निघून येईल."

"मग?"

"कुणी हौशी माणूस चहापाण्यापुरते देईल. मी नाही घेऊ शकत. मला माफ करा." ते मान खाली घालून निघून गेले.

अमृतला आत्ता कुठे कळत होतं. त्याचा चेहरा लहानपणी पोरं हसली होती तेव्हासारखा झाला.

"तू जपून आण म्हणलीस," तो म्हणाला. "म्या जपलंच की, साधे."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही.

"तुझं जपणं असंच हाय, दादा. नांदणं मोडलं तवा म्हणलास, घरात बस. दुकान टाकते म्हणलं तवा म्हणलास, दुसऱ्याच्या सावलीत बरी हाईस. मलाबी असंच घातलं असतंस मशीनीत. दिसले असते सगळ्यांला. पर हालता आलं नसतं."

गोपाळ आधीच स्वच्छ असलेली काच पुसू लागला.

अमृत म्हणाला, "चार मेंढरं इकतो. तुझी मशीन घेऊन देतो."

"घेऊन देऊ नको. बाच्या कळपात माझा वाटा हाय का न्हाई, तेवढं सांग."

दुकानाबाहेर एसटीचा भोंगा वाजला. वालूरची गाडी निघाली होती. अमृतने तिकडे पाहिलं नाही.

"हाय."

"मग तू इकू नको. माझी मेंढरं मला दाव. बाजारात म्या नेते. भावबी म्याच करते."

त्याने मान हलवली. मग मला उचलून तिच्या हातात दिलं, पण देण्याआधी थांबला आणि विचारलं, "हे कसं धरू?"

"आता कसंबी धर," ती म्हणाली, आणि इतक्या वेळाने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मित्रांनो, संग्राहकांच्या जगात मी आता मेलेला पत्ता आहे. महारुद्रांच्या भिंगाखाली मी पुन्हा कधी जाणार नाही, याचं दुःख मला होतं. खोटं कशाला सांगू? ज्याला एकदाच कुणीतरी नीट पाहिलं, त्याला ते पाहणं विसरता येत नाही. पण माझी एक विनंती ऐका. तुमच्या हाती कुणाची चीज असेल, किंवा कुणी माणूस असेल, तर त्याला जपण्याआधी विचारा, तुला कसं जपू? त्याला तोंड नसेल तर ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा. माझ्या बाबतीत राहून गेलं ते एवढंच.

साधनाचं दुकान लहान आहे. पत्र्याचं आहे. पिकोची मशीन दाराशी, उजेडात ठेवली आहे. मी तिच्या टेबलावर असतो. प्लास्टिकने मी कडक झालो आहे आणि माझी कड सरळ आहे, म्हणून बाहीची पट्टी आखायला ती मलाच घेते. माझ्या अंगावर खडूची पूड असते. गिऱ्हाइकं विचारतात, या खेळाडूचा आकडा उलटा कसा? मग ती सगळी गोष्ट सांगते, कधी हसत, कधी नाही.

परवा अमृत आला होता. वालूरहून अस्तराच्या कापडाचा गठ्ठा खांद्यावर घेऊन. पूर्वी तो आल्या आल्या सामान स्वतःच लावून टाकायचा. या वेळी उंबऱ्यातच थांबला.

"साधे, हे कुठं ठिवू?"

तिने माझ्या कडेने खडूची रेघ ओढली, शेवटपर्यंत, न थांबता. मग वर पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "सांगते."

तो गठ्ठा खांद्यावर तसाच घेऊन उभा राहिला.