चार नंबरचं टेबल

"बायकांचीच तर फायनल आहे, मिस्त्री," सेक्रेटरी म्हणाले. "थोडं इकडेतिकडे चालायचंच."

मी टेबलावर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा त्यांना बोटाने दाखवला. तो मधे बसायचं सोडून उजवीकडे पळाला होता, म्हणजे टेबल डावीकडे बसलं होतं. सेक्रेटरींनी बुडबुडा पाहिला, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि त्यांना घड्याळ जास्त पटलं.

झालं होतं असं की पाहुण्यांच्या सोफ्यांना जागा हवी म्हणून सकाळी बाराएक जणांनी जोर लावून चार नंबरचं टेबल हातभर सरकवलं होतं. स्नूकरचं टेबल. खाली पाच दगडी फरशा, वर ताणलेलं हिरवं कापड, दीड टन वजन आणि आठ पाय. ते जेवणाच्या टेबलासारखं सरकवायचं नसतं, हे मी या क्लबात तेवीस वर्षं सांगतोय. तेवीस वर्षं सगळे मान डोलवतात आणि मी पाठ फिरवली की सरकवतात.

"पाऊण तास द्या," मी म्हणालो. "एक पाय खचलाय, तेवढा उचलून देतो."

"दोनला दहा कमी असेपर्यंत त्यावर पुरुषांची प्रॅक्टिस आहे. दोनला फायनल. पाचला पाहुणे. पाऊण तास मी कुठून आणू?"

"मग निदान दोघींना सांगा, टेबल डावीकडे ओढतंय म्हणून."

"तुम्हीच सांगा ना," सेक्रेटरी म्हणाले. "त्यातली एक तुमची बायकोच आहे. मग लोक काय म्हणायचं ते म्हणतील."

लोक तर एकदा म्हणूनही झाले होते. हिने तिसऱ्यांदा विजेतेपद मिळवलं तेव्हा हरलेल्या बाईच्या भावाने भर हॉलमध्ये ओरडून सांगितलं होतं, की टेबलं बसवणारा नवरा असल्यावर कोणीही जिंकेल. त्या दिवशी घरी येऊन हिने नियम केला. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळपासून शेवटचा चेंडू पडेपर्यंत टेबलाविषयी एक अक्षर बोलायचं नाही. तेव्हापासून दर फायनलच्या सकाळी आम्ही गळक्या नळावर बोलतो. नळ अजून गळतोच आहे.

नऊ वेळा विजेती आहे माझी बायको. नऊ. पहिल्यांदा बक्षीस म्हणून इस्त्री मिळाली, मग मिक्सर, मग कुकर, आणि पुढे समितीची कल्पनाशक्ती आटली तेव्हा भिंतीवरची घड्याळं. आमच्या घरात पाच घड्याळं आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी जमत नाही. दिवसभर ही चष्म्याच्या दुकानात काचा घासते. सराव सकाळी आठ ते दहा, कारण दहानंतर पुरुष येतात आणि बाई टेबलावर वाकलेली असली की त्यांना शिकवायची हुक्की येते. नऊ वेळच्या विजेतीला. ही ऐकून घेते, मान हलवते आणि तोच चेंडू स्वतःच्या पद्धतीने घालवते. त्या वेळी माझंच डोकं फिरतं.

क्लबात तिला पाठीमागे गोगलगाय म्हणतात. ती चेंडू हळू मारते. इतका हळू, की बघणाऱ्याला उठून त्याला ढकलावंसं वाटतं. पण तो जातो आणि पॉकेटच्या तोंडाशी क्षणभर विचार करून आत पडतो. हळू मारणाऱ्याला सपाट टेबल लागतं. जोरात मारलेला चेंडू उतार बघायला थांबत नाही. हळू गेलेल्याला मात्र केसभर उतारही बाजूला नेतो. म्हणजे ते टेबल दोघींना सारखंच वाकडं होतं, पण मार बसणार होता एकीला.

आणि या वर्षीची फायनल घड्याळासाठी नव्हती. मुख्य खुल्या स्पर्धेत बाईला खेळू द्या, असा अर्ज ही सव्वीस वर्षं करत आली होती. सव्वीस वर्षं उत्तर येत होतं, विचाराधीन आहे. या वर्षी अचानक विचार संपला. महिला विजेतीला मुख्य स्पर्धेत एक जागा मिळणार होती. तेही एकच वर्ष, करून बघू म्हणून. ही एक्कावन्न वर्षांची झाली होती. पत्र वाचून तिने ते घडी करून क्यूच्या काठीच्या पेटीत ठेवलं, आणि रात्री जेवताना मला म्हणाली, "अहो, त्यांच्यात एकदा खेळून बघायचंय मला. हरले तरी चालेल." मला तरी तेवढंच तिचं मागणं आठवतं.

समोरची मुलगी एकोणीस वर्षांची होती. चांगली मुलगी. हिलाच बघून खेळ शिकली होती आणि हिला काकू म्हणायची. पण खेळायची सगळं उलट, धाड धाड. सात फ्रेमची फायनल, चार जिंकेल तिचं नाव.

पहिली फ्रेम मुलीने नेली. दुसरीत हिने डाव्या कडेने एक सोपा लाल चेंडू सोडला आणि तो वाटेत डावीकडे झुकून कडेला घासला. पॉकेटच्या बोटभर अलीकडे थांबला. मागच्या सोफ्यावरून कोणीतरी म्हणालं, "वय झालं आता." मी हातातला ब्रश इतका दाबून धरला की त्याची मूठ सैल झाली. तरी ती फ्रेम हिने जिंकली, कशी कोण जाणे. तिसरी मुलीने, चौथी हिने. चारही फ्रेममध्ये मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे काही दिसेल तर शपथ.

दोन-दोन झाल्यावर वीस मिनिटांचा ब्रेक झाला. खेळाडू आत गेल्या, सोफे चहाला उठले. ब्रेकमध्ये कापडावर ब्रश फिरवायचा आणि इस्त्री करायची हे माझं कामच आहे. मी रेफरींना म्हणालो, "एक पाय खचलाय, तोही बघतो." ते हातातल्या चहासकट म्हणाले, "बघा की."

मी टेबलाखाली शिरलो. पाठ टेकवून खचलेल्या पायाचा स्क्रू पाव फेरा वर, मग बाहेर येऊन पाणसळ, मग परत आत. चौथ्या खेपेला बुडबुडा मधोमध येऊन बसला. माझा शर्ट घामाने भिजला होता. इतका आनंद मला आमच्या लग्नातही झाला नव्हता, हे मी तिला कधी सांगणार नाही. उठलो, ब्रश फिरवला, इस्त्री केली, आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. ही परत आली तेव्हा माझ्या गुडघ्यांवरच्या धुळीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम.

पाचवी फ्रेम मुलीने एका दमात संपवली, हिला खुर्चीतून उठायची वेळच आली नाही. सहावी हिने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खेळून काढली. तीन-तीन. सातवी तासभर चालली, पण त्या डाव्या कडेने हळू चेंडू सोडायची वेळ हिच्यावर तीतही आली नाही. पाहुणे येऊन बसले, सेक्रेटरी दाराशी चुळबुळ करू लागले, आणि टेबलावर शेवटी पांढरा आणि काळा एवढे दोनच चेंडू राहिले. काळा घालेल तिची फ्रेम, तिचं विजेतेपद, तिची जागा.

मुलीने जोरात मारलेला काळा कडांवर आपटत फिरला आणि डाव्या कडेपासून वीतभर अंतरावर थांबला. समोर पॉकेट, मधे अर्धं टेबल. जोरात मारला तर पांढराच पलीकडच्या पॉकेटमध्ये जाण्याची भीती. म्हणजे हळू मारायचा. हिचा चेंडू होता तो. असे तिने हजारो घातले असतील. मी मनात म्हणालो, आता सरळ आहे गं, डोळे मिटून मार.

ती वाकली, थांबली, आणि तिने मारला. काळा निघाला, सावकाश, सरळ. अगदी सरळ. पण निघाला होता तोच मुळी थोडा उजवीकडचा रोख धरून, आणि तो रोख त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. पॉकेटच्या उजव्या कडेला ठेचकाळला, आणि तोंडाशी थांबला.

मुलीने तो घातला. टाळ्या वाजल्या.

हात मिळवताना मुलगी रडवेली झाली होती. "काकू, तो कसा चुकला तुमचा?"

"माझा अंदाज चुकला," ही म्हणाली. "तू छान खेळलीस. मुख्य स्पर्धेत हात जरा हळू ठेव."

मग सगळे पाहुण्यांचं भाषण ऐकायला शेजारच्या हॉलमध्ये गेले. विषय होता स्त्रियांनी पुढे यावं. मी माझी हत्यारं आवरत होतो, तेवढ्यात ही आली. शेवटचा चेंडू पडला होता, आता बोलायला हरकत नव्हती.

"दुसऱ्या फ्रेमलाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "डावीकडे ओढत होतं. शेवटचा अर्धा बॉल उजवीकडे धरून मारला."

माझ्या हातातून पाना पडला.

"मग रेफरीला बोलायचं नाही का?" मी चिडून म्हणालो. खरंच चिडलो होतो. "तोंड नव्हतं का तुला?"

"टेबल कोणी बसवलंय, असं विचारलं असतं त्यांनी. तेवीस वर्षांत तुमचं टेबल वाकडं आहे असं कोणी म्हटलेलं नाही. ते मी म्हणू?"

मी खाली बसलो आणि पाना उचलायच्या निमित्ताने तिथेच बसून राहिलो. सांगितल्याशिवाय सुटका नव्हती.

"ब्रेकमध्ये मी पाय उचलला त्याचा," मी म्हणालो. "टेबल सरळ केलं. तुझ्यासाठी केलं."

शेजारून टाळ्या ऐकू आल्या. तिने पॉकेटमधून काळा काढला, मघाच्याच जागी ठेवला, आणि नुसत्या बोटांनी हळू सोडला. काळा गेला, आणि आत पडला. तिने तो पुन्हा काढला, पुन्हा सोडला. पुन्हा आत पडला.

"चांगलं बसवलंय," ती म्हणाली.

मला तिच्याकडे बघवेना. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दारातून सेक्रेटरींनी हाक मारली, उपविजेतीचा फोटो राहिलाय, लवकर या.

"आता याला कोणाला हात लावू देऊ नका," ती मला म्हणाली. "पोरीला महिनाभर सरावाला लागेल."

मग तिने वेस्टकोटची सुटलेली बटणं लावली आणि फोटोला गेली.