लाल दोरीतली चावी

नरेशभाऊ रामटेके चौतीस वर्षं खलाशी होते आणि समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. बाहेरगावचा माणूस हे ऐकून बुचकळ्यात पडतो. अहो, भिलाईत खलाशी म्हणजे कारखान्यात दोर-साखळ्या लावून टनाटनाची वजनं उचलणारा गडी. त्या चौतीस वर्षांत नरेशभाऊंच्या हातून एक वजन निसटलं नाही. ही गोष्ट मरोद्यातल्या त्यांच्या गल्लीत ज्याला माहीत नाही, तो एकतर कालच राहायला आलेला असणार, नाहीतर ठार बहिरा.

समुद्र पाहिला तो त्यांच्या पोरानं. अमरदीप दहा वर्षं समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर पाणबुड्या होता. पाच वर्षांपूर्वी तो ऐंशी मीटर खाली असताना वरून सोडत असलेला एक पाईप हेलकावला आणि त्याच्या हवेच्या नळीवर जाऊन बसला. क्रेनवाल्याला कुणीतरी लांबून हातानंच 'चालू दे' दाखवलं होतं. खाली माणूस आहे की नाही, हे विचारायच्या फंदात कुणी पडलं नाही. अमरदीप पाठीवरच्या राखीव बाटलीवर अकरा मिनिटं जगला. पाण्यात सोडलेल्या लोखंडी खोलीत बसून त्याची नळी धरणारा सेल्वम नावाचा गडी होता. त्यानं ती अकरा मिनिटं नळी ओढली नाही आणि सोडलीही नाही, म्हणून दुसऱ्या पाणबुड्याला नळीच्या मागावर अमरदीप सापडला. डाव्या कानाचं ऐकणं तेवढं गेलं. मग प्रेरणानं, त्याच्या बायकोनं, समुद्राचं नावच टाकायला लावलं.

आता तो भिलाईत एका ठेकेदाराकडे होता. शहराबाहेरच्या एका खासगी कारखान्याला तलावातून पाणी जातं. पंप जिथून पाणी ओढतात तिथे पाण्याखाली लोखंडी जाळ्या असतात, आणि त्यांत अडकलेली जलकुंभी म्हणजे जलपर्णी, प्लास्टिक, मेलेली जनावरं काढायला माणूस उतरवावा लागतो. खोली जेमतेम बारा मीटर. नरेशभाऊ म्हणायचे, एवढ्या पाण्यात तर आमच्या भंडाऱ्याकडची पोरं पोहायला शिकतात. अमरदीप हसायचा नाही. तो म्हणायचा, माणूस मारायला पाणी खोल लागत नाही, चालू पंप पुरतो.

निवृत्तीनंतर घरी बसून नरेशभाऊ बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या, डोक्याला ताप झाले होते, तेव्हा पोरानंच त्यांना नळी धरायच्या कामावर घेतलं. दोन महिने शिकवलं. दर शनिवारी तो मजुरांना गोळा करून सेल्वमची गोष्ट सांगायचा. शेवटी नेहमी तेच बोल असायचे, नळी ओढायची नाही, सोडायची नाही. आणि त्याचा एक हट्ट होता. ज्या पंपाच्या जाळीवर माणूस उतरणार, त्या पंपाच्या स्विचची चावी काढायची, लाल दोरीत ओवायची आणि नळी धरणाऱ्याच्या गळ्यात घालायची. माणूस वर आल्याशिवाय ती दोरी गळ्यातून निघणार नाही. उतरण्याआधी तो त्या चावीला हात लावून जायचा, मंगच पाण्यात पाय.

हट्ट चांगलाच होता. पण चावी काढायची तर परवानगीचा कागद, त्यावर दोन सह्या, आणि सह्या करणारे साहेब कधी जेवायला गेलेले तर कधी मीटिंगात. त्यात पंपहाऊसवर होता भय्याजी. आडनावानं पटले, गोंदियाकडचा, मोठ्या कारखान्यात नरेशभाऊंच्या सोबतीनं निवृत्त झालेला आणि आता इथे पंप चालवणारा. तीस वर्षं दोघांच्या क्वार्टरची मागची भिंत एक होती. अमरदीपला सायकल शिकवली ती भय्याजीनं.

त्या दिवशी, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, नरेशभाऊंनी फोन लावला. भय्याजी म्हणाला, कागद कशाले पायजे, तीन नंबरचा पंप मी आत्ताच बंद करून राहिलो, तुझा पोरगा तो माझा पोरगा. नरेशभाऊंना ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यासारखंच होतं. तीस वर्षांच्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, आणि असलं नरेशभाऊंनी कधी केलं नव्हतं.

राहता राहिली चावी. पोरगा चावीशिवाय उतरणार नाही आणि वर दहा प्रश्न विचारणार. नरेशभाऊंनी खिशातली स्कूटरची चावी काढली, तिचं कडं सोडवलं, चावी लाल दोरीत ओवली आणि गळ्यात अडकवली. कुणाचं काय बिघडतं, पंप तर बंदच आहे, असं ते स्वतःशीच पुटपुटले. पाणबुड्याचे हातमोजे जाड असतात. अमरदीपनं चावी चाचपली, मान हलवली आणि पाण्यात उतरला.

ठरलं होतं की काम दोनच्या आत संपेल. पण जाळीचे दोन गज तुटून वाकले होते आणि त्यांत जलकुंभीचा असा गुंता झाला होता की निघता निघेना. दोन वाजले. पाळी बदलली. सुपेल्यात भय्याजीच्या साळ्याच्या पोरीचं लग्न होतं, म्हणून तो दहा मिनिटं आधीच सटकला होता. जिन्यात त्याला बदलीची पोरगी भेटली. भूमिका नाव, चार महिन्यांची नोकरी. तिला तो म्हणाला, तीन नंबर बंद केला हाय. कावून बंद केला, हे काही बोलला नाही.

इकडे पाण्याकाठच्या ओट्यावर नळी धरून उभ्या नरेशभाऊंनी घड्याळ पाहिलं होतं. एक फोन करावा असं त्यांच्या मनात आलंही. मग वाटलं, भय्याजी सांगूनच जाईल, तो काय लहान लेकरू आहे.

दोन वाजून वीस मिनिटांनी ओट्याखालचं काँक्रीट गुरगुरलं.

नरेशभाऊंच्या तळपायांना ते आधी कळलं आणि डोक्याला नंतर. पाण्यावरची जलकुंभी ओट्याच्या दिशेनं सरकू लागली. हातातली नळी ताणली, मग दोन हात आत खेचली गेली. कानावरच्या यंत्रात अमरदीपचा श्वास एकदम मोठा झाला.

"बाबा, पंप चालू झाला. मी जाळीले चिकटलो."

आवाज शांत होता. शेजारी शुभम होता, गरज पडली तर उतरायचं म्हणून तयारीत बसलेला दुसरा पाणबुड्या. तो तोंडावर मुखवटा चढवत पाण्याकडे धावला. नरेशभाऊंचे दोन्ही हात नळीवर होते, म्हणून त्यांनी त्याच्या वाटेत आडवा पाय घातला.

"पाण्यात नाही. पंपहाऊसात पळ. पंप चालू असला तर तू बी चिकटशील."

शुभम बंधाऱ्यावरून पळत सुटला. पंपहाऊस सहाशे मीटर, पायांत रबरी बूट आणि वर तापलेलं ऊन.

मग नळी तुटक्या गजांमध्ये ओढली गेली आणि दबली. अमरदीप म्हणाला, वरची हवा थांबली, पाठीवरच्या बाटलीवर आलो, दहा मिनिटं धरा. नरेशभाऊ 'हो हो' म्हणत राहिले. त्यांचे खांदे, त्यांचे दंड, चौतीस वर्षांची सगळी सवय एकच सांगत होती, ओढ. शेवाळलेल्या विहिरीतून बादली ओढतात तसं पोराला वर ओढून घे. आणि त्यांना ठाऊक होतं की ओढलं तर नळी त्या गजांवर फाटेल आणि पोराचा उरलासुरला मागही तुटेल. त्यांनी गुडघे कठड्याला टेकवले आणि नळी नुसती धरून ठेवली. तळहाताची साल निघाली ते त्यांना नंतर कळलं.

"बाबा," अमरदीप थांबत थांबत म्हणाला, "चावी तुमच्यापाशी हाय ना? मंग चालू कोणं केलं?"

लाल दोरी घामानं त्यांच्या छातीला चिकटली होती. खरं सांगावं तर पोरगा घाबरेल, श्वास जोरात घेईल, बाटली लवकर संपेल. असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण ते निम्मंच खरं होतं. बाकीचं निम्मं असं, की त्यांना लाज वाटली. पोरगा मरणाच्या दारात आणि बापाला लाज वाटून राहिली, आता काय म्हणावं.

"हाय," ते म्हणाले.

त्यानंतर कानातला आवाज बंद झाला. नळीसोबतची बोलण्याची तारही दबली असणार. आता फक्त नळी होती. शिकवल्याप्रमाणे नरेशभाऊंनी एक हलका झटका दिला. खालून एक झटका आला. म्हणजे आहे. अर्ध्या मिनिटानं पुन्हा दिला, पुन्हा आला. त्यांनी मोजायला सुरुवात केली. सात झटके झाले, आठ झाले. नवव्याला खालून काहीच आलं नाही.

त्यांनी पुन्हा दिला. नाही. पंचफुलाला काय सांगू, प्रेरणाला काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. आणि तरी हात उघडले नाहीत. ओढले नाहीत, सोडले नाहीत. आयुष्यात एवढं जड वजन त्यांनी कधी धरलं नव्हतं आणि ते वजन हलतसुद्धा नव्हतं.

ओट्याखालची गुरगुर थांबली.

एकदम सगळं एवढं गप्प झालं की पलीकडच्या काठावरची टिटवी ऐकू आली. नळी ढिली पडली. मग खालून झटका आला. एक नाही, चार. वर घ्या.

शुभम परत येईपर्यंत अमरदीपचं डोकं पाण्याबाहेर होतं. बाटलीत एक-दीड मिनिटाची हवा उरली होती. खांदा निखळला होता, नवव्या झटक्याला उत्तर आलं नाही ते त्यामुळेच, आणि बरगड्यांवर जाळीचे चौकोन उमटले होते. नरेशभाऊंनी त्याचा मुखवटा काढला आणि त्याचं ओलं तोंड दोन्ही हातांनी धरून ढसाढसा रडले. अमरदीपच्या गालांना रक्त लागलं. ते बापाच्या तळहाताचं होतं.

इथेच गोष्ट संपली असती तर नरेशभाऊ गल्लीत हिरो झाले असते. पण चार वाजता कारखान्याच्या मॅनेजरनं सगळ्यांना खोलीत बोलावलं. कारखान्याच्या डॉक्टरनं खांदा बसवून झोळी बांधली होती, घरी जाऊन पडा म्हणाला होता, तरी अमरदीप आला. भय्याजीला लग्नातून उचलून आणलं होतं, कपाळावर अजून कुंकवाचा टिळा. भूमिका कोपऱ्यात उभी होती. दोन नंबरचा पंप बंद पडला, टाकीतलं पाणी उतरू लागलं, तीन नंबरवर ना पाटी होती ना कागद, म्हणून चालू केला, असं ती तिसऱ्यांदा सांगत होती. शुभमला धापा टाकत दारात पाहिलं आणि त्यानं तोंड उघडायच्या आत तिनंच पंप बंद केला होता. चावी? चावी तर स्विचमध्येच लावलेली होती, सर.

मॅनेजरनं अमरदीपकडे पाहिलं. अमरदीप म्हणाला, असं होऊच शकत नाही. चावी माझ्या बाबाच्या गळ्यात होती, मी स्वतः हात लावून उतरलो. ह्या पोरीनं डुप्लिकेट चावी वापरली असंल. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. आणि बुडत्याला फळी सापडावी तसा भय्याजी पुढे सरकला. होय, म्हणाला, चावी मीच नरेशभाऊले देली होती.

बोलून त्यानं नरेशभाऊंकडे पाहिलं. तीस वर्षांची मागची भिंत त्या नजरेत होती. संभाळून घे बाप्पा, एवढंच ती म्हणत होती. मॅनेजरनं भूमिकेच्या निलंबनाचा कागद पुढे ओढला. पोरगी रडत नव्हती, नुसती मान हलवत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट दिसत होतं.

एक शब्द न बोलता नरेशभाऊ घरी गेले असते, तर त्यांना कुणी काही विचारलं नसतं. ते उठले.

"साहेब, थोडं बाहेर चला," ते म्हणाले. "सगळेच चला."

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली त्यांची जुनी स्कूटर उभी होती. नरेशभाऊंनी लाल दोरी गळ्यातून काढली. पट्टी बांधलेल्या हातानं चावी नीट धरता येईना, दोनदा घसरली. तिसऱ्यांदा भोकात गेली. त्यांनी ती फिरवली, किक मारली, आणि स्कूटर फटफटत चालू झाली. लाल दोरी हँडलखाली लोंबत होती.

भय्याजी तिथेच जमिनीवर बसला. नरेशभाऊंनी स्कूटर बंद केली आणि सगळं सांगितलं, फोनपासून. चावी भय्याजीनं दिली नाही आणि मी मागितली नाही. पोरीचा दोष नाही. पोरगा खाली होता तेव्हाही मी त्याला खोटं सांगितलं. सांगताना त्यांनी अमरदीपकडे पाहिलं नाही, पाहायची हिंमतच नव्हती.

मॅनेजर आत गेला आणि त्यानं तो कागद फाडला, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. भूमिका नरेशभाऊंसमोर येऊन थांबली. काका, येते, म्हणाली आणि पाळी पुरी करायला पंपहाऊसकडे निघाली.

अमरदीप स्कूटरपाशी येऊन त्या चावीवर वाकला. मग त्यानं धड असलेल्या हातानं ती काढली, दोरीसकट मुठीत घेतली.

"बाबा, तुमी नळी सोडली नाही म्हणून मी जिता हाओ," तो म्हणाला. "अन् ही चावी खोटी होती म्हणून मरत होतो. शनिवारी मी पोरायले दोन्ही सांगीन."

नरेशभाऊंना वाटलं होतं तो ओरडेल, नाहीतर जवळ घेईल. त्यानं दोन्ही केलं नाही. त्यांनी नाक पुसलं.

"सांग," ते म्हणाले. "माहं नाव घेऊन सांग."

अमरदीपनं मान हलवली. मग चावी दोरीतून सोडवून त्यानं बापाच्या हातात दिली आणि रिकामी लाल दोरी आपल्या खिशात ठेवली.