डाव्या हाताचा पीळ

वायरमनच्या हाताला शहरात काम कमी पडत नाही, हे डावरीने लहानपणापासून ऐकलं होतं. ते खरंच होतं. कमी पडायचा तो पगार. परवाना असूनही ठेकेदार तिला होल्डर बसवायला आणि बटणं बदलायलाच न्यायचा, आणि शेजारी तेच काम करणाऱ्या गड्यापेक्षा कमी रोज तिच्या हातावर टेकवायचा. विचारलं तर म्हणायचा, बाईमाणसाला शिडीवर चढवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर, त्या घोराचेही पैसे लागतात. तिच्याबरोबर शिकलेल्यांपैकी एक जहाजावर गेला, एक लिफ्टच्या कंपनीत चिकटला, एकाने सासऱ्याच्या पैशावर दुकान थाटलं. डावरी होती तिथेच होती. रोजंदारीवरच्या माणसाचे गुडघे कुरकुरायला लागले की त्याला कुणी बोलावत नाही, हे ती डोळ्यांनी बघत होती, आणि अलीकडे शिडीवरून उतरताना स्वतःच्या गुडघ्यांकडे तिचं लक्ष जायला लागलं होतं.

तिला डावरी म्हणत, कारण ती सगळं डाव्या हाताने करायची. तिचा बापही डावखुराच. गावात त्याला डावरा वायरमन म्हणायचे. त्यानेच तिला अंगणात बसवून तारांचा जोड शिकवला होता. इतरांचा पीळ उजवीकडे वळतो, या दोघांचा डावीकडे. आणि जोडावर काळी टेप गुंडाळून झाली की बाप शेवटचं टोक थोडंसं दुमडून ठेवायचा, मांजराच्या कानासारखं. पुढे कधी कुणाला हा जोड उघडावा लागला, तर त्या बिचाऱ्याची नखं मोडायला नकोत, असं म्हणायचा.

चांगल्या पगारासाठी तो शहरात गेला. काही वर्षं पैसे येत राहिले आणि मग एकाएकी थांबले. कामाची जागा तो बदलत राहायचा, शेवटची कुठली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथेच राहणारी त्याची बहीण, म्हणजे डावरीची आत्या, शोधून शोधून थकली. लोक काय, जिभेला हाड नाही. दुसरा घरोबा केला असेल, असं पसरलं. डावरीची आई तेच खरं मानून गेली. डावरी शहरात आत्याकडे राहायला आली तेव्हा दोघींनी न बोलता ठरवून टाकलं होतं, की त्या माणसाचा विषय काढायचा नाही.

अशात तिला नोकरीची खबर लागली. कचेऱ्यांनी भरलेली एक जुनी, मोठी इमारत होती. तिथे कायमचा वायरमन हवा होता. पगार ती कमवत होती त्याच्या तिप्पट, शिवाय रजा, शिवाय म्हातारपणची सोय. ठेकेदाराला कळलं तेव्हा तो चक्क हसला. म्हणाला, जा, पण तिथे कुणी टिकत नाही. डावरीने विचारलं, काम फार आहे का? तो म्हणाला, "काम फार म्हणून पळालेली माणसं मी पुष्कळ बघितली. तिथून पळतात ती कामच नाही म्हणून."

तिला ही थट्टाच वाटली. बसून पगार मिळतो म्हणून पळणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं आत्यालाही वाटलं.

मॅनेजर मऊ बोलणारा गृहस्थ होता. बाई म्हणून त्याने नाक मुरडलं नाही, परवानाही नीटसा पाहिला नाही. एवढ्या मजल्यांना वायरमन एकच कसा, असं तिने विचारलं, तेव्हा तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला, "इथे फारसं बिघडत नाही. बिघडलं तरी होऊन जातं."

'होऊन जातं' म्हणजे काय, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. वकिलाच्या कचेरीतून निरोप आला की पंखा बंद आहे. डावरी पिशवी उचलून गेली तर पंखा गरगर फिरत होता. कारकून म्हणाला, मघाशी करून गेलात की. ती म्हणाली, मी आत्ताच येतेय. कारकुनाने फायलीतून डोकंही वर काढलं नाही. कुणीतरी स्टूलवर चढलं होतं एवढं त्याला आठवत होतं. बघितलं कुणी नव्हतं. वायरमनकडे बघतं कोण?

असंच पुन्हा झालं, आणि पुन्हा. दातांच्या दवाखान्यात दिवा लागलेला, टंकलेखनाच्या वर्गात बटण बदललेलं, आणि प्रत्येक ठिकाणी स्टूल जागेवरून हललेलं. लोक तिचे आभार मानायचे. न केलेल्या कामाचे आभार घेताना तिला अन्न गोड लागेना. तिला वाटलं, आधीचा कुणी वायरमन किल्ल्या न देता गेलाय आणि वरकमाई करतोय. पण पैसे कुणी मागितले नव्हते.

शेवटी न राहवून एका दुपारी दवाखान्यातल्या दिव्याचं झाकण तिने उघडलं. आतला जोड ताजा होता. टेप बोटाला चिकटत होती. पीळ डावीकडे वळलेला होता, आणि टेपचं टोक दुमडलेलं होतं, मांजराच्या कानासारखं.

डावरी शिडीवर किती वेळ तशीच उभी राहिली कोण जाणे. दातांच्या डॉक्टरने खालून विचारलं, बाई, काही गडबड आहे का? ती नाही म्हणाली. मग झाकण बसवून खाली उतरली.

त्यानंतर तिने इमारत वाचायला घेतली. जिथे म्हणून झाकण होतं ते उघडलं. सगळीकडे तोच हात होता. सर्वांत जुने जोड धुळीने कडक झालेले, मग त्याहून नवे, मग कालपरवाचे. आणि एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. जुने जोड दृष्ट लागावी असे होते. नव्यांचा पीळ सैल होता, टेप कुठे दुहेरी तर कुठे अजिबात नाही. कान कधी दुमडलेला, कधी विसरलेला. म्हाताऱ्या माणसाचं अक्षर जसं ओळीखाली घसरत जातं, तसं ते काम घसरत चाललं होतं.

इमारतीत सर्वांत जुना माणूस म्हणजे दारावरचा पहारेकरी. तिने त्याच्यासाठी चहा नेला आणि सरळ विचारलं, काका, इथे पूर्वी डावखुरा वायरमन होता का? पहारेकऱ्याने आधी चहा संपवला. मग सांगितलं की होता, भला माणूस होता. एका दुपारी पिशवी घेऊन वर गेला, तो खाली आलाच नाही. गच्ची बघितली, टाकी बघितली, तारांचा उभा बोगदा दोर सोडून तळापर्यंत बघितला. माणूस नाही, पिशवी नाही. मालकांनी ठरवलं की नोकरी टाकून पळाला, आणि पगार बंद केला.

"पण काम बंद झालं नाही, ताई," पहारेकरी म्हणाला. "दुसऱ्या दिवशीपासून दिवे आपले चालूच. मालकांनी मग वायरमन ठेवला तो नावाला. येतात, चार दिवस राहतात, काही बघतात की नाही देव जाणे, आणि जातात."

"मॅनेजरसाहेबांना ठाऊक आहे?"

"त्यांना एवढंच ठाऊक आहे की एका पगारात भागतं."

त्या संध्याकाळी डावरी घरी गेली, जेवली, आत्याचे पाय चेपून दिले, पण बोलली नाही. काय सांगायचं? भाऊ सापडला म्हणावं, तर कुठे? नाही म्हणावं, तर रोज त्याच्या हातचं काम बघत होती. बाप आपल्याला टाकून गेला, या रागावर तिने अर्धं आयुष्य काढलं होतं. तो राग आता कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं. अंथरुणावर पडल्यापडल्या तिला राहून राहून एकच वाटत होतं, की त्या माणसाला कुणी घरी जा म्हणून सांगितलंच नाही.

मग एक दुर्घटना झाली. टंकलेखन शिकणाऱ्या एका मुलीला भिंतीच्या बटणाचा जोरात झटका बसला. ती वाचली, पण हात काळा पडला. डावरीने बटण उघडलं तर आत तार उघडी, टेप नुसती अडकवलेली. काम ताजं होतं. लोक तिच्याकडे बघत होते, कारण त्यांच्या लेखी वायरमन तीच होती. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. पण आता हे असं चालू द्यायचं नाही, हे तिथेच मनाशी पक्कं झालं.

पुढचा निरोप वरच्या मजल्यावरून आला. अर्धी बाजू अंधारात गेली होती. डावरीने मॅनेजरच्या खोलीतला फोन ठेवला आणि जिने धावत चढली. ऐन दुपार होती, कचेऱ्यांतून माणसांचे आवाज येत होते. पण बोळाच्या टोकाशी तारांच्या बोगद्याचं लोखंडी दार होतं, तिथपर्यंत ते आवाज पोचत नव्हते. दार अर्धवट उघडं होतं. दारापाशी स्टूल होतं.

आतून खाकरल्याचा आवाज आला. काम सुरू करण्याआधी तिचा बाप असाच खाकरायचा.

तिने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. छातीच्या उंचीवर दोन तारांची सोललेली टोकं होती आणि ती हलत होती. एकमेकांभोवती डावीकडून वळायची, एक वेढा, दुसरा वेढा, आणि मग निसटून सुटायची. पुन्हा वळायची. पुन्हा सुटायची. पकडीचा बारीक टक टक आवाज येत होता. पकड मात्र कुठेच नव्हती. कुणीतरी हळूच सुस्कारा सोडला आणि तारा पुन्हा वळायला लागल्या.

आधीचे सगळे का पळाले असतील ते तिला त्या क्षणी पुरतं समजलं, आणि तिचेही पाय जिन्याकडे वळलेच होते. पण तारा तिसऱ्यांदा सुटल्या, आणि तिला राहवेना. कितीही भीती असली तरी चुकणारा हात बघत उभं राहणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

ती म्हणाली, "बाबा, सरका. मी करते."

तारा थांबल्या. तिने त्या हातात घेतल्या. कुणाच्या तळहातातून आत्ता सुटाव्यात तशा त्या कोमट होत्या. अरुंद जागा होती, तरी तिला खांद्याला खांदा लागला नाही. कुणीतरी भिंतीशी अंग चोरून उभं राहिल्यासारखी जागा झाली होती. तिने पीळ दिला, पकडीने दाबला, टेप गुंडाळली, टोक दुमडलं. जोड पक्का झाला.

"झालं," ती म्हणाली. "आता इथलं सगळं माझ्याकडे. तुम्ही खूप केलंत. कुणी सांगितलं नाही तुम्हाला, म्हणून मी सांगते. काम संपलं, बाबा."

थोड्या वेळाने स्टूल फरशीवर जरासं घासलं, माणूस आधार धरून उठतो तसं. मग बोळातले आवाज एकदम मोठे झाले, आणि दिवे लागलेले तिला दिसले.

तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की धावत येताना ती खालचा मेन स्विच बंद करायचा विसरली होती. तिने टेस्टर काढून जोडापलीकडच्या स्क्रूला लावला. तो लख्ख पेटला. तारा जिवंत होत्या, आणि तिने त्या उघड्या बोटांनी पिळल्या होत्या. ती तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून इमारतीने जणू इतक्या वर्षांचं दुखणं एकदम बाहेर काढलं. पंखे थांबले, फ्यूज उडाले, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि वकीलसाहेब आत अडकून पडले. डावरी दिवसभर शिडी घेऊन पळत होती, आणि एक होईतो चार निरोप येत होते. मॅनेजरने बोलावून विचारलं, आजवर एकात भागत होतं, आता काय झालं?

"एकात भागत नव्हतं, साहेब," डावरी म्हणाली. "आणि ते तुम्हाला माहीत होतं."

मॅनेजरने पेपरवेट फिरवायला हात नेला आणि तसाच मागे घेतला. आणखी माणसं हवीत, असं तिने सांगितलं. परवानेवाली, पूर्ण पगाराची, आणि थकली की घरी जाऊ देणारी नोकरी हवी. तो म्हणाला, मालक ऐकणार नाहीत. ती म्हणाली, मग वायरमन दुसरा बघा, हातात तार धरून मरायची माझी हौस फिटली. मालकांनी ऐकलं ते तिच्यासाठी नव्हे, भाडेकरू भाडं थांबवायला निघाले म्हणून. कसं का होईना, तिघे नवे आले, आणि डावरी त्यांची मुख्य झाली. पगारही वाढला, तिने सांगितला होता तेवढा नाही, पण ठेकेदाराच्या कानावर जाईल एवढा.

पगार वाढला त्या दिवशी घरी येऊन तिने आत्याला सगळं सांगितलं. आत्या ऐकत राहिली. तिने खरं मानलं की नाही ते चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तुला काही बोलला का गं?"

"नाही. पण सरकला."

आत्याने पदर तोंडाला लावला. "लहानपणापासून तसाच," ती म्हणाली. "कुणी मागितलं की लगेच जागा देणारा."

पुढे काही महिन्यांनी नव्यातला एक वायरमन तळघरातून वर आला. जरा गोंधळलेला होता. सांगू लागला, बाई, तिथे पॅनेलच्या खोलीत आपल्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेत. कोण पाहिजे विचारलं, तर कुणी नको म्हणाले. काही काम आहे का विचारलं, तर हसले आणि हात मांडीवर ठेवून बसूनच राहिले. उठवू का?

डावरीने हातातली तार सोलून पूर्ण केली.

"नको," ती म्हणाली. "बसू दे त्यांना."