मंगळ सांगणारी फ्लॉपी

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी मी एक जुनी फ्लॉपी आहे. निळी, चौकोनी, एका कडेला पत्र्याची सरकती झापड असलेली. आता चकचकीत सीडी आल्या आहेत, आम्हाला कोण विचारतो! पण एके काळी मला हळदकुंकू वाहिले जाई, आणि माझ्या जोरावर लोक लग्ने जमवीत आणि मोडीत. त्यातल्या एका मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगते. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कोणत्या कारखान्यात मी जन्मले ते मला ठाऊक नाही. कामाची झाले ती मात्र धुळ्यात. कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्रा आणि काच. त्याला उठवायला आणि उठल्यावर वागायचे कसे ते सांगायला एक कार्यप्रणाली लागते. धुळ्याच्या एका दुकानदाराने माझ्या पोटात डॉस नावाची तशी प्रणाली भरली आणि शेजारी पत्रिका पाहण्याचा प्रोग्राम ठेवला. मग एका कॉम्प्युटरबरोबर माझी पाठवणी केली जळगावला, जीवरामनानांच्या घरी.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पत्रिका पाहण्याचा त्यांना नाद, आणि मानाची भूक. एक पैसा घेत नसत, नारळ तेवढा घेत. पण चोपड्यापासून पिंपळनेरपर्यंतचे लोक "जळगावचे कॉम्प्युटरवाले नाना" म्हणून हात जोडत, त्यावर त्यांचे पोट भरे. गावच्या गुरुजींनी पंचांग पाहून काही सांगितले की नाना हसत. म्हणत, "माणूस चुकतो. हे चुकत नाही."

तो जुना कॉम्प्युटर आपल्या आतल्या डिस्कवरून चाले. मी अडीनडीला ठेवलेली त्याची नक्कल, देवघरात रेशमी पिशवीत पडून असे. पण एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. ही प्रणाली परदेशी. तिच्या मुलखात तारीख सांगताना आधी महिना सांगतात, मग दिवस. म्हणून दुकानदाराने त्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर एक ओळ लिहून ठेवली होती, की इथे आधी दिवस, मग महिना. ती ओळ माझ्या पोटात नव्हती. कोणाला तिची गरजच वाटली नाही.

पुढे एका उन्हाळ्यात लाइट येता-जाता जोराचा झटका बसला आणि जुना कॉम्प्युटर कायमचा झोपला. भंगारवाला त्याला हातगाडीवर टाकून घेऊन गेला, आणि त्याच्याबरोबर ती ओळही गेली. नानांचा मुलगा भिकन नाशिकला कारखान्यात होता. त्याने ज्येष्ठात घरासाठी नवा कोरा कॉम्प्युटर आणून दिला. त्यात विंडोज होते, रंगीत चित्रे होती, बाण फिरवायला उंदीर होता.

"नाना, याच्यात तुमचं जुनं घालू नका," भिकन म्हणाला. "पत्रिकेचा नवा प्रोग्राम मिळतो. दिवाळीला येईन तेव्हा बसवून देतो."

"घर नवं बांधलं म्हणून देव बदलतो का कोणी?" नाना म्हणाले. भिकन नाशिकला परतला. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून नानांनी मला पिशवीतून काढले, माझ्यावर कुंकवाचे बोट टेकवले आणि नव्या कॉम्प्युटरच्या तोंडात घातले.

आत गेल्यावर मी घाबरले. केवढा तो वेग! आणि भिकनने रंगीबेरंगी सामानाने भरलेली ती भली मोठी डिस्क मला दिसेचना. मला वाटले, घर रिकामेच आहे. तरी मी माझे काम केले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटवली आणि रिवाजाप्रमाणे आजची तारीख विचारली. कंसात स्पष्ट लिहिले, की आधी महिना, मग दिवस. पण कॉम्प्युटर उठत असताना नाना हात जोडून, डोळे मिटून स्तोत्र म्हणत. ते संपले की डोळे न उघडताच दोनदा एंटर दाबत आणि मग पडद्याकडे पाहत. तोवर माझे सांगणे वर सरकून गेलेले असे. जुन्या कॉम्प्युटरवर ते असेच करीत आले होते आणि तिथे काही बिघडले नव्हते.

त्याच दिवशी द्रौपदाबाई आली. ही चोपड्याची, अंगणवाडीत मदतनीस. नवरा मागेच वारलेला. नाना तिच्या माहेरच्या गावचे, म्हणून दरवर्षी त्यांना राखी बांधायची. तिच्या लिलाचे लग्न धुळ्याच्या आधार नावाच्या मास्तराशी ठरत आले होते. पाहायला आला तेव्हा त्या वेड्याने खारट झालेले पोहे दुसऱ्यांदा मागून खाल्ले होते, आणि लिला आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली होती. गुरुजींनी पत्रिका निर्दोष सांगितली होती. पण आधारची आई नर्मदाबाई म्हणाली, "आषाढी लागायच्या आत कॉम्प्युटरचंही बघून घेऊ. एकदा मनाची खात्री." ती द्रौपदाबाईबरोबरच आली होती.

लिलाचा जन्म चार सप्टेंबरचा. नानांनी नेहमीच्या सवयीने आधी चार टाकले, मग नऊ. आणि मी, परदेशी बुद्धीची, समजले एप्रिलची नऊ तारीख. मित्रांनो, मला जे सांगितले ते मी ऐकले. तेरा किंवा वरची तारीख असती तर मी ओरडले असते, की असा महिनाच नसतो. चारचा महिना मात्र असतो. मी निमूटपणे दुसऱ्याच कोणा मुलीची पत्रिका मांडली. तिच्या आठव्या घरात मंगळ होता.

"कडक मंगळ," नाना म्हणाले. "नवऱ्याच्या जिवावर."

द्रौपदाबाई पडद्याकडे सरकली आणि आपल्या अहिराणीत म्हणाली, "असं कसं, नाना? गुरुजी तर चांगली शे म्हणेत." मग तिला पडद्यावर बुधवार हा शब्द दिसला. "हाई काय? मनी पोर गुरुवारनी शे. मना उपास व्हता त्या दिवशी."

"बाई, तुला जास्त आठवतं का मशीनला?"

नर्मदाबाई उठली, पायांत चपला घातल्या आणि लिलाच्या ओटीसाठी आणलेला नारळ तिथेच ठेवून निघून गेली.

मग चातुर्मास लागला. चातुर्मासात नाना लग्नाच्या पत्रिका पाहत नसत. कॉम्प्युटरवर धुतलेले उपरणे टाकून मला पुन्हा देवघरात ठेवण्यात आले. इकडे मंगळाची बातमी मात्र एस.टी.च्याही पुढे धावली. लिलाला पाहायला येणारे अर्ध्या वाटेवरून परतू लागले. राखीला द्रौपदाबाई आली तेव्हा रडत म्हणाली, "नाना, एकदा परत दखा ना! मना जीव मानत नही."

"मशीन झाकलंय, बाई. चातुर्मास आहे. मंगळीला मंगळाचाच नवरा बघ, म्हणजे दोष कटतो."

तसा नवरा सापडला. शिंदखेड्याचा भाईदास. वयाने चाळिशी उलटलेला, दोन बायका करून बसलेला. पहिली विहिरीत पडली, दुसरी स्टोव्हचा भडका उडून गेली. लोक म्हणाले, बिचाऱ्याचा मंगळ फार कडक आहे. यापलीकडे कोणी काही म्हणाले नाही. नानांनी मान डोलावली, "मग जमेल. जोडीला जोड." मी देवघरात पडून हे ऐकत होते आणि मला तोंड नव्हते.

भिकनला त्या दिवाळीला सुट्टी मिळाली नाही. तुळशीचे लग्न झाले आणि उपरणे निघाले. पहिले आले कापडवाले पारसमलशेठ, मुलाची पत्रिका घेऊन. मुलगा पंचवीस डिसेंबरचा. नानांनी पंचवीस टाकले, मग बारा. मी ओरडले. नानांनी पुन्हा टाकले. मी पुन्हा ओरडले. पंचविसावा महिना आणू कुठून?

"काय झालं, नानासाहेब? मोठा दोष आहे का?" पारसमलशेठ घाबरून म्हणाले.

नानांनी कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. या वेळी स्तोत्र म्हटले नाही. पडद्यावर काय येते ते उघड्या डोळ्यांनी वाचले. मग आधी बारा टाकले, नंतर पंचवीस. मी गुपचूप पत्रिका मांडली.

मला नानांचा चेहरा दिसत नाही, मित्रांनो. मला त्यांची बोटे कळतात. ती बोटे झटकन बटणांवरून उचलली गेली.

"आजचा दिवस बरा नाही, शेठ," ते म्हणाले. "उद्या या."

शेठ गेले. नानांनी दाराला कडी घातली आणि लिलाची तारीख टाकली. आधी नऊ, मग चार. मी मांडलेल्या पत्रिकेत मंगळ ना पहिल्या घरात होता, ना चौथ्या, ना सातव्या, ना आठव्या, ना बाराव्या. दोष म्हणून नखाएवढा नाही. वार गुरुवार.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटले, आता हा माणूस पायांत चपला न घालता चोपड्याला धावेल. लग्नाला अवकाश होता. अंगाला हळदही लागली नव्हती. एक पोस्टकार्ड टाकले तरी पुरले असते. पण नानांनी मला बाहेर काढले आणि पिशवीत घालून पिशवीची नाडी ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच द्रौपदाबाई आली. लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी नानांना. बरोबर लिला होती. मी तिला प्रथमच ऐकत होते.

"मामा," ती म्हणाली, "माझ्यासाठी एकदाच परत बघा ना. धुळ्याच्या त्यांनी अजून दुसरी मुलगी पाहिली नाही. आईला म्हणाले, मंगळ चुकून निघाला असेल तर मी आजही तयार आहे."

"पोर दोन दिवसथून जेवत नही, नाना," द्रौपदाबाई म्हणाली. "तिना मनना समाधानले दखा."

नाना उठले. मला पिशवीतून काढले, कुंकू लावले, आत घातले. स्तोत्र म्हटले, सगळे यथासांग. पत्रिकेचा प्रोग्राम उघडला. तारीख विचारली गेली. नानांचे बोट आधी नऊच्या बटणावर आले. ते तिथे टेकलेले मला जाणवले. आणखी जरासे दाबले की काम झाले असते. मी मनातल्या मनात ओरडत होते, दाबा, नाना, दाबा!

बोट उचलले गेले. नानांनी आधी चार टाकले, मग नऊ.

मी काय करणार? जे सांगितले ते ऐकले. आठव्या घरात मंगळ मांडून दिला.

"दिसलं?" नाना म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. "मी तरी काय करू, पोरी? हे माझं ऐकत नाही."

लिलाने वाकून नमस्कार केला. नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अखंड सौभाग्यवती हो." दुपारी पारसमलशेठ आले, त्यांची पत्रिका नानांनी आधी महिना टाकून अगदी बिनचूक पाहून दिली. तेव्हापासून सगळ्यांच्याच बिनचूक पाहिल्या.

लग्न मार्गशीर्षात झाले. फाल्गुनात लिला गेली. कशी गेली, हे भाईदासला कोणी विचारले नाही. विचारायचे कशाला? मंगळ होता ना!

तेरावे झाल्यावर द्रौपदाबाई नानांकडे आली. ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही पहिलेच सांगेल व्हतं. मीच वेडी, दोनदा दखाले लावं. माफ करा." नानांनी तिला पाणी दिले. एवढेच दिले. त्यानंतर नानांचे नाव आणखी वाढले. जळगावच्या नानांचा मंगळ खोटा ठरत नाही, असे लोक म्हणू लागले, आणि अंगणात नारळांची रास पडू लागली.

पुढच्या दिवाळीला भिकनने नवा प्रोग्राम बसवून दिला आणि या वेळी नानांनी हुज्जत घातली नाही. मला खणात टाकले. तिथे ओल आली, माझ्या झापडेला गंज चढला, पोटातली अर्धी अक्षरे पुसट झाली. लिलाची मात्र पुसली गेलेली नाही.

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला ओलीत ठेवू नका, लोहचुंबकाजवळ नेऊ नका, आमची काळजी घ्या. मला माझी काळजी नको आहे. नव्या घरात जुनी प्रणाली खुशाल चालवा, तिने पडद्यावर काय लिहिले आहे तेवढे उघड्या डोळ्यांनी वाचा. आणि कोणी तुम्हाला म्हणाले की मशीन चुकत नाही, तर मशीनला काही विचारू नका. समोर बसलेल्या माणसाला विचारा, "तुम्हाला चूक कळली होती का? कधी?" तो उत्तर देईपर्यंत मुलीचा हात कोणाच्या हाती देऊ नका.