पाण्यापासून जपलेला

माझी नात अर्पिता परवा परीक्षेसाठी मोठ्यानं वाचत होती. जुन्या ग्रीक नाटकांतला नायक म्हणे दुष्ट नसतो. भाकीत टाळायला तो जिवाच्या आकांतानं पळतो आणि पळता पळताच त्या भाकितापाशी पोचतो. मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "असा माणूस आपल्या बोरीत हाय. माझा भाऊच हाय तो."

अंगद माझ्याहून लहान. पाण्यातला माणूस. आमच्या विहिरीत त्यानं गावातली निम्मी पोरं पोहायला शिकवली. पाठीला भोपळा बांधायचा, काठावरून ढकलायचं आणि पोरगं घाबरलं की आपणही उडी टाकायची. उन्हाळ्याच्या दुपारी विहीर नुसती गजबजलेली असे. माझी भावजय भिवराबाई त्या सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटायची.

लग्नानंतर खूप वर्षांनी त्यांना मुलगा झाला, योगीराज. पाचवी पुजली आणि दुसऱ्या दिवशी जोशी आला. पत्रिका मांडून म्हणाला, याला पाण्यापासून भय आहे, जपा. अंगद हसण्यावारी नेईल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

योगीराज कोरड्यावरच वाढला. बाप दुसऱ्यांची पोरं पाण्यात उतरवी आणि हा लिंबाखाली बसून बघे. पोरं चिडवायची, "अंगदकाकाचं पोरगं ढेकूळ हाय, पाण्यात इरघळतंय." एकदा तो चोरून विहिरीच्या पायऱ्या उतरला, तर अंगदनं त्याला चाबकाच्या काठीनं मारलं. त्याला कधी बोट न लावणारा बाप. मारून झाल्यावर त्यालाच पोटाशी धरून संध्याकाळपर्यंत बसला होता.

पोरगा गुणी निघाला. शिकला आणि शेतीतच आला. लग्न झालं, सविता घरात आली. मग त्यानं शेततळं करायचं काढलं. अंगदनं लय विरोध केला, पण विहीर आटून कापूस वाळताना बघितला तेव्हा गप्प बसला.

तळ्यात प्लास्टिक अंथरलं. ते ओलं झालं की त्यावर पाय ठरत नाही. म्हणून लोक काठावर खुंट रोवून गाठी मारलेली दोरी आत सोडून ठेवतात. कुणी पडलंच, तर धरून वर यावं. शेजारचा महारुद्र, अंगदच्याच हाताखाली पोहायला शिकलेला, अशी दोरी वळून घेऊन आला. अंगदनं ती परत पाठवली. दोरी दिसली की उतरायची हिंमत होते, म्हणाला, माझ्या पोराला ती हिंमतच नको.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी मोटार पाणी ओढेना. पाइपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं होतं. ते काढायला योगीराज वाकला आणि घसरला. सविताच्या ओरडण्यानं आजूबाजूच्या शेतातली माणसं धावली. महारुद्रनं आणि पलीकडच्या शेतातल्या सितारामनं बैलांचे कासरे एकमेकांना बांधले आणि आत उड्या टाकल्या. ज्यांनी त्याला वर काढलं, ते सगळे अंगदनं शिकवलेले. पण तोवर उशीर झाला होता. अंगद त्या दिवशी जिंतूरच्या बाजारात होता. तो एसटीतून उतरला तेव्हा पोराचे केसही वाळले होते.

समाचाराला येणारा प्रत्येकजण तेच म्हणे, जोशानं सांगितलंच होतं, नशिबात होतं. मलाही त्याचा आधार वाटत होता. मी अंगदच्या पाठीवर हात ठेवून तेच बोलले. त्यानं माझा हात बाजूला केला.

"जोशानं पाणी सांगितलं," तो म्हणाला. "पव्हायला शिकवू नको, दोरी बांधू नको, हे त्यानं न्हाई सांगितलं, अक्का. ते माझं हाय."

भिवराबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं.

तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन पूर्णेवर गेलो. बायका सहसा जात नाहीत, मी गेले. अंगद गाडगं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. गुरुजी म्हणाले, सोडा आता. तो सोडेना. त्यांनी पुन्हा सांगितलं. त्यानं गाडगं छातीशी आणखी घट्ट धरलं आणि काठावर माझ्याकडे वळून बघितलं.

"अक्का, पव्हता येत न्हाई त्याला."

मी लुगड्यासकट पाण्यात उतरले आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मग ते गाडगं मीच त्याच्या हातातून घेतलं.