शिळ्याचा डबा

मी शिळ्याचा डबा बोलतोय. नाक मुरडू नका, माझ्यात भात-पोळी काही नाही. नागपुरात महाल भागातल्या एका ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या ऑफिसात जो कॉम्प्युटर आहे ना, त्यातला मी एक फोल्डर.

मला जन्म दिला गार्गीनं. कोणती ॲम्ब्युलन्स जवळ आहे ते दाखवणारा प्रोग्राम तिनं लिहिला. पण तो उघडताना भारी रेंगाळायचा. दिवसभर चालून कोणतं काम वारंवार लागतं ते त्याला कळायचं, तेवढं तो मशीनच्या भाषेत पक्कं करून घ्यायचा आणि मग पळत सुटायचा. लाईट गेली की सगळं विसरला! म्हणून गार्गीनं त्याचं शिकलेलं सारं माझ्यात साठवलं. उघडताना माझ्यातलं उचलायचं आणि थेट कामाला लागायचं. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा करतात ना, तसंच. म्हणून हसत हसत तिनं माझं नाव ठेवलं ‘शिळं’. तेच मला भोवलं.

मालक श्रीधररावांनी सांगून ठेवलं होतं, लाईट जाऊन आल्यावर प्रोग्राम झटकन उभा राहिला तरच तो ठेवू, आणि गार्गीलाही. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी, फोनवर बसणाऱ्या प्रशिकनं गार्गीताईचं काम सोपं व्हावं म्हणून कॉम्प्युटर साफ करायला घेतला. मी दिसलो. शिळं कोण ठेवतं? टाकलं मला कॉम्प्युटरच्या कचरापेटीत. बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हो, त्याच्यावर रागवू तरी कसा?

मी नसलो तर प्रोग्राम कुरकुरत नाही, गपचूप पहिल्यापासून शिकायला बसतो. दुसऱ्या दिवशी तपासणीला श्रीधररावांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडद्यावर चक्र फिरतच राहिलं. तेवढ्यात पारशिवनीहून एका पेशंटसाठी खराखुरा फोन आला. श्रीधररावांनी ड्रायव्हरला हाक मारून गाडी काढायला लावली.

"मॅडम, पेशंट थांबत नसतो," एवढंच ते म्हणाले. प्रोग्राम काढून टाका, असं सांगून आत गेले.

गार्गीचे डोळे भरून आले.

"ताई, काहून रडून राहिल्या? मशीनच खटारा आहे," प्रशिक म्हणाला.

"नाही रे. मलाच जमलं नाही."

जमलं होतं गं! पण ओरडायला मला तोंड कुठाय? प्रोग्राम तिनं आपल्या हातानं काढला. आता जाता जाता कचरापेटीही रिकामी करतेय. पडदा विचारतोय, कायमचं काढू का? गार्गी, एकदा आत डोकाव गं. पण ती बघतच नाहीये, तिचं बोट ‘हो’कडे निघालंय.